मनोविश्लेषणाने देव जातो का?

श्रद्धाळू माणूस मानसोपचाराचा विचार करू लागला की एक भीती त्याच्या मनात हमखास डोकावते, आणि त्याच्याहून जास्त ती घरच्यांच्या मनात असते. ही मंडळी मन उकरतात. उकरता उकरता देवावरचा विश्वासही मुळासकट उपटतील. दुसऱ्या टोकाला ‘धर्म हा मानसिक आजार आहे, हे फ्रॉइडनी केव्हाच सिद्ध केलंय’ असं ठासून सांगणारे भेटतात. या दोन बाजू एकमेकींशी कितीही भांडल्या तरी एका बाबतीत त्यांचं एकमत असतं: मनोविश्लेषण आणि श्रद्धा यांचं हाडवैर आहे.

मला हे पटत नाही. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत मनोविश्लेषणाने देवाबद्दल पुष्कळ काही म्हटलं आहे. त्यातलं काही फार मोलाचं आहे, काही सपशेल चुकलेलं. पण जे म्हटलं ते सगळं माणसाच्या मनात वसलेल्या देवाबद्दल आहे. मनाबाहेर देव आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या आवाक्यातच येत नाही. एवढं नीट कळलं की श्रद्धाळूंची बरीचशी भीती ओसरते आणि धर्माचा निकाल लागला म्हणणाऱ्यांचा आवाजही खाली येतो.

आधी तीन शब्द

मनोविश्लेषण म्हणजे सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) या व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी घडवलेली उपचारपद्धती, आणि तिच्यामागचा मनाबद्दलचा सिद्धान्त. रुग्णाने मनात येईल ते न गाळता बोलायचं आणि विश्लेषकाने ते ऐकत त्यातले धागे शोधायचे, असं तिचं साधारण रूप. पुढचं समजायला तीन शब्द पुरेत.

पहिला ‘नेणीव’. मनाचा जो भाग आपल्याला जाणवत नाही, पण आपल्या वागण्याला, भीतीला, स्वप्नांना दिशा देतो, तो भाग. दुसरा ‘सुपरइगो’. आईवडिलांचे आणि समाजाचे विधिनिषेध मूल हळूहळू आपल्या आत घेतं, आणि मग बाहेर कुणी रागावणारं नसतानाही आतून कुणीतरी रागावत राहतं. तो आतला न्यायाधीश म्हणजे सुपरइगो. तिसरा ‘ट्रान्सफरन्स’. लहानपणी महत्त्वाच्या माणसांबद्दल जे वाटलं, ते पुढच्या आयुष्यात नकळत दुसऱ्यांवर चढवलं जातं. साहेब रागावण्याआधीच त्यांच्या दारात हातपाय कापणाऱ्या माणसाच्या मनात अनेकदा वडीलच उभे असतात. उपचारात हेच विश्लेषकाच्या बाबतीत घडतं, आणि तिथे ते उघड करून पाहता येतं.

आपला खरा प्रश्न या तिसऱ्या शब्दाशी जोडलेला आहे. माणसांवर जे चढवलं जातं, ते देवावरही चढवलं जात असेल का?

फ्रॉइड नेमकं म्हणाले तरी काय?

फ्रॉइड स्वतः नास्तिक होते आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. पण त्यांचं म्हणणं एका वाक्यात बसवणारे त्यांच्यावर अन्याय करतात.

१९०७ मध्ये त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. पुन्हा पुन्हा हात धुणारा, ठरलेल्या क्रमातली एक कृती चुकली तरी जिवाची तगमग होणारा रुग्ण आणि धार्मिक कर्मकांड करणारा माणूस यांच्यातलं साम्य त्यांनी त्यात दाखवलं. दोघांकडे बारीकसारीक नियम, दोघांना चूक झाल्यास अपराधी वाटणं. धर्म म्हणजे जणू सगळ्या समाजाचा मिळून एक मंत्रचळ, असं त्यांनी तिथे मांडलं. ‘धर्म म्हणजे आजार’ या घोषणेचा उगम हाच. पण फरकही त्यांनीच नोंदवले होते: रुग्णाच्या कृती त्याच्या एकट्याच्या, खासगी आणि वरवर निरर्थक दिसणाऱ्या असतात, धार्मिक विधी सगळ्यांचे आणि अर्थाने भरलेले असतात. पुढे तर त्यांनी असंही म्हटलं की खरोखर श्रद्धाळू माणूस काही मानसिक आजारांपासून बचावतो, कारण सामायिक आसरा मिळाल्यावर त्याला स्वतःचा वेगळा आजार उभारावा लागत नाही.

१९१३ मध्ये ‘टोटेम आणि टॅबू’ आलं. आदिम टोळीतल्या मुलांनी जुलमी बापाला ठार मारलं आणि त्या अपराधाच्या ओझ्यातून धर्म जन्मला, अशी त्यातली कथा. तिला पुरावा नाही. मानववंशशास्त्रज्ञांनी ती पुढे नाकारली आणि आज ती इतिहास म्हणून कुणी मानत नाही, म्हणून इथेच सोडून देतो.

महत्त्वाचं पुस्तक १९२७ चं, ‘एका भ्रमाचे भवितव्य’. तान्हं मूल पूर्ण असहाय असतं, त्याला बलवान बापाचं संरक्षण हवं असतं. माणूस मोठा होतो, पण रोगराई, निसर्ग आणि मृत्यू यांच्यापुढे त्याची असहायता संपत नाही. तेव्हा तो त्याच जुन्या ओढीने आणखी मोठ्या, कधीही न मरणाऱ्या पित्याकडे वळतो. ही झाली फ्रॉइडची देवाची उपपत्ती.

या पुस्तकातली एक व्याख्या फार थोडे लोक नीट वाचतात. भ्रम म्हणजे खोटी समजूत, असं फ्रॉइड म्हणत नाहीत. इच्छा हे जिचं मुख्य बळ आहे ती समजूत म्हणजे भ्रम. त्यांचं स्वतःचं उदाहरण आहे: सामान्य घरातल्या मुलीला वाटतं की एखादा राजपुत्र येऊन आपल्याला घेऊन जाईल. शक्यता कमी, पण असं घडणारच नाही असं नाही. म्हणजे भ्रम खराही ठरू शकतो. धर्माच्या सिद्धान्तांचं सत्य तपासणं या पुस्तकाचा हेतू नाही, हेही ते तिथेच सांगतात. त्यांचा कल कुठे होता हे मात्र पानोपानी कळतं.

मग देव नाही, असं ठरलं की नाही?

ठरलं नाही. वाट पाहणाऱ्याला प्रत्येक चाहूल आपल्याच माणसाची वाटते. तो का धावत दाराशी जातो, हे त्याच्या आतुरतेवरून समजतं. दाराबाहेर कोण आहे, हे समजत नाही. कधी कुणीच नसतं, कधी परका असतो, आणि कधी तोच आलेला असतो ज्याची वाट पाहिली. एखादी समजूत मनात का रुजली, याचं उत्तर आणि ती खरी आहे का, याचं उत्तर ही दोन वेगळी उत्तरं आहेत. ती एकत्र करणं ही तर्कातली जुनी चूक आहे.

शिवाय ही चूक उलटही करता येते. ज्याला स्वतःच्या बापाचा धाक असह्य झाला होता, त्याला वरती कुणी बाप नकोच असेल, म्हणून तो नास्तिक झाला, असंही कुणी म्हणू शकतं आणि म्हणणारे आहेतही. त्याने देव आहे हे सिद्ध होत नाही. श्रद्धेमागे इच्छा असते तशी अश्रद्धेमागेही असू शकते. नेणीव कुणाच्या बाजूने पक्षपात करत नाही.

फ्रॉइडना हे सगळ्यात ठामपणे सुनावणारा माणूस त्यांचा जिवलग मित्र होता. ऑस्कर फिस्टर हे झुरिकचे प्रोटेस्टंट धर्मगुरू. फ्रॉइडची पद्धत त्यांनी आपल्या लोकांच्या दुःखनिवारणासाठी वापरायला घेतली, आणि १९०९ मध्ये सुरू झालेली दोघांची मैत्री फ्रॉइडच्या मृत्यूपर्यंत टिकली. त्याच वर्षी फ्रॉइडनी त्यांना लिहिलं की मनोविश्लेषण स्वतः धार्मिकही नाही आणि धर्मविरोधीही नाही. ते निःपक्ष साधन आहे, दुःखितांच्या सेवेसाठी धर्मगुरूही ते वापरू शकतो. १९२७ च्या पुस्तकाला फिस्टरनी पुढच्याच वर्षी ‘भवितव्याचा भ्रम’ या मथळ्याने जाहीर उत्तर दिलं. विज्ञान माणसाला सगळं देईल ही फ्रॉइडची आशाही इच्छेतूनच आलेली नाही कशावरून, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. फ्रॉइडनी ते उत्तर मनोविश्लेषणाच्याच नियतकालिकात छापू दिलं. वाद कसा घालावा, हे या दोघांकडून शिकावं असं मला मनापासून वाटतं.

देव नेहमी बापच का?

फ्रॉइडच्या मांडणीतलं सगळ्यात मोठं भगदाड हे. त्यांच्यासमोर होते ज्यू आणि ख्रिस्ती धर्म, म्हणजे पित्याच्या रूपातला एकच देव. जगात देवी आहेत, बालरूपातले देव आहेत, सखा आणि प्रियकर म्हणून भजले जाणारे देव आहेत. ‘टोटेम आणि टॅबू’मध्ये फ्रॉइडनीच मान्य केलं की महान मातृदेवतांना आपल्या मांडणीत कुठे जागा द्यावी हे आपल्याला सांगता येत नाही. दुर्दैवाने ती कबुली तिथेच राहिली.

कोलकात्यात १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी पत्रांतून हाच मुद्दा लावून धरला. आपले भारतीय रुग्ण युरोपीय रुग्णांसारखे वागत नाहीत आणि त्यांच्या मनातल्या आईच्या प्रतिमेत अनेकदा आईबाप दोघेही मिसळलेले असतात, असं त्यांचं निरीक्षण. फ्रॉइडनी ते सौजन्याने ऐकलं, पण मत बदललं नाही. १९३१ मध्ये, फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त, भारतीय संस्थेने त्यांना विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठवली. ती त्यांनी आपल्या लिहिण्याच्या टेबलावर ठेवली.

दुसरा धक्का एका फ्रेंच लेखकाकडून आला. १९२७ चं पुस्तक वाचून साहित्यिक रोमां रोलां यांनी फ्रॉइडना लिहिलं की सगळ्या धर्मसिद्धान्तांच्या मुळाशी एक अनुभूती असते: अमर्याद, सागरासारखी, जिच्यात ‘मी’ आणि ‘जग’ यांच्यातली रेघ पुसली जाते. रोलां तेव्हा रामकृष्ण परमहंस आणि विवेकानंद यांच्या चरित्रांवर काम करत होते. फ्रॉइडनी १९३० मधल्या आपल्या पुढच्या पुस्तकाची सुरुवातच या पत्राने केली. मला स्वतःत अशी अनुभूती सापडत नाही, असं त्यांनी सरळ लिहिलं. आणि मग तिचा अर्थ लावला: तान्ह्या बाळाला आपण कुठे संपतो आणि आई कुठे सुरू होते हे कळत नसतं; त्या अवस्थेची ही आठवण असावी.

हा अर्थ चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण तो अपुरा आहे. एखादी अवस्था बालपणीच्या अवस्थेसारखी दिसते म्हणून ती बालिश ठरत नाही. सुधीर कक्कर या भारतीय मनोविश्लेषकाने १९९१ मध्ये रामकृष्णांवर लिहिताना हीच वाट धरली. समाधी आणि तळमळ यांना आजाराचं लेबल न लावता, सर्जनशील मनाची ती एक झेप म्हणून पाहता येते, असं त्यांनी दाखवलं.

युंग तरी श्रद्धाळूंच्या बाजूचे होते ना?

फ्रॉइडपासून १९१३ मध्ये वेगळे झालेले स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग धर्माचे मित्र मानले जातात. पस्तिशी ओलांडलेल्या आपल्या सगळ्या रुग्णांचा प्रश्न शेवटी जीवनाकडे पाहण्याची धार्मिक दृष्टी हरवल्याचाच होता, असं त्यांनी लिहिलं होतं. पण श्रद्धाळूंनी त्यांना घाईने आपला वकील नेमू नये. युंग बोलतात ते मनाच्या खोल थरातल्या देवाच्या प्रतिमेबद्दल. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन ब्यूबर यांनी त्यांच्यावर टीका केली ती याच कारणाने: ज्याच्याशी बोलायचं तो देव युंगनी मनाच्या आतच कोंडून टाकला. फ्रॉइडशी बेबनाव असलेला माणूसही देव आहे की नाही हे सांगू शकत नाही.

खेळणं, पांघरूण आणि देव

माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुपीक विचार ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांचा. लहान मूल एखादं पांघरूण किंवा चिंधीचं खेळणं धरून बसतं. ते धुतलेलं चालत नाही, बदललेलं चालत नाही, त्याशिवाय झोप येत नाही. १९५३ मध्ये छापलेल्या निबंधात विनिकॉटनी विचारलं: त्या मुलासाठी ही वस्तू नेमकी कुठे असते? ती बाहेर आहे, कारण कापूस आणि कापड खरं आहे. ती आतही आहे, कारण तिच्यातली माया मुलानेच भरली आहे. समंजस आईबाप मुलाला कधी विचारत नाहीत की हे तुला सापडलं की तू तयार केलंस. तो प्रश्नच विचारायचा नाही, असा घरात न बोलता झालेला करार असतो.

आत आणि बाहेर यांच्यामधली ही जागा मोठेपणी नाहीशी होत नाही. खेळ, कला, संगीत आणि धर्म तिथेच वस्ती करतात, असं विनिकॉट म्हणतात. फ्रॉइडना जो भ्रम सोडून द्यावासा वाटत होता, त्याच्याशिवाय माणूस जिवंतपणे जगूच शकत नाही, असं मनोविश्लेषणाच्याच घरातून कुणीतरी म्हणालं.

अर्जेंटिनात जन्मलेल्या मनोविश्लेषक ॲना-मारिया रिझुटो यांनी १९७९ मध्ये याच धाग्यावरून मोठं काम पुढे आणलं. रुग्णांना त्यांनी कुटुंबाचं आणि देवाचं चित्र काढायला सांगितलं, आणि दोन्हींबद्दल सविस्तर विचारलं. माणसाच्या मनातला देव फक्त बापापासून बनत नाही, हे त्यात स्पष्ट दिसलं. आई, आजीआजोबा, भावंडं, मुलाला स्वतःबद्दल वाटणारं बरंवाईट, हे सगळं त्यात मिसळतं. त्यावर धर्माची शिकवण नंतर येऊन बसते. म्हणून एकाच धर्मग्रंथावर वाढलेल्या दोन भावंडांच्या मनातले देव वेगळे असू शकतात.

रिझुटोंना चार प्रकारची माणसं दिसली. काहींचा देव आहे आणि त्याच्याशी नातंही आहे. काहींना मानावं की मानू नये, कळत नाही. काहींना इतर लोक देवात इतके कसे गुंततात याचंच नवल वाटतं. आणि काहींच्या मनात कठोर, सतत मागण्या करणारा देव आहे. तो त्यांना नकोसा झालाय, पण तो जात नाही. शेवटच्या या माणसांबद्दल वाचताना पोटात तुटतं. त्यांना देव नसण्याचं दुःख नाही, त्याच्यापासून सुटका नसण्याचं आहे.

रिझुटोंचा आणखी एक निष्कर्ष: ही प्रतिमा वयाबरोबर बदलावी लागते. पाच वर्षांच्या मुलाचा देव पन्नाशीत तसाच राहिला तर तो एक तर गुदमरवतो, नाही तर निरुपयोगी वाटून टाकून दिला जातो.

उपचाराच्या खोलीत याचं काय होतं?

समजा, एक गृहस्थ अत्यंत श्रद्धाळू आहेत. जरा आनंद झाला की त्यांना धडकी भरते, आता याची किंमत मोजावी लागणार. प्रार्थनेत एक शब्द चुकला तर ते पहिल्यापासून सुरुवात करतात. विश्लेषकाकडे यायला थोडा उशीर झाला तर बराच वेळ माफी मागत बसतात. समोरचा रागावलाय याची त्यांना खात्रीच असते. विश्लेषक देवाविषयी काहीच म्हणत नाही. तो फक्त विचारतो, माझा राग तुम्हाला कुठे दिसला? काही महिन्यांनी घरातला एक अबोल, न सांगता शिक्षा करणारा माणूस बोलण्यात येऊ लागतो. आणि एके दिवशी या गृहस्थांच्याच लक्षात येतं की देवाच्या नावाने ते ज्याला घाबरत होते तो देव नव्हता, तो त्यांचा सुपरइगो होता.

पुढे काय होईल? कदाचित त्यांची प्रार्थना पहिल्यांदाच निर्भय होईल. कदाचित भीतीच श्रद्धेचा एकमेव आधार असेल, तर भीतीबरोबर श्रद्धाही जाईल. असं होत नाही, अशी हमी देणारा माणूस खोटं बोलतोय. पण उलटही तितकंच खरं आहे: देवाचं नाव ऐकताच खवळणारा माणूस बालपणीचा हिशेब चुकता झाल्यावर शांतपणे नास्तिक राहू शकतो, किंवा श्रद्धेकडे वळूही शकतो. विश्लेषणाचं काम माणसाला मोकळं करणं आहे. त्या मोकळेपणाचं काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

एक जागा नाजूक आहे. जवळचं माणूस गेल्यावर कुणी लगेच ‘देवाची इच्छा’ म्हणतो आणि पुढे कधीच रडत नाही. तिथे श्रद्धा दुःखाच्या तोंडावर हात ठेवत असते. विश्लेषक तो हात हळूच बाजूला करू पाहतो, तेव्हा तो श्रद्धेवर हल्ला आहे असं वाटू शकतं. प्रत्यक्षात ज्या श्रद्धेत देवावर रागावायलाही जागा आहे, ती या चौकशीने सहसा मोडत नाही.

पण मनोविश्लेषण तरी विज्ञान आहे का?

हा आक्षेप रास्त आहे. जो सिद्धान्त कुठल्याही पुराव्याने खोटा ठरू शकत नाही तो वैज्ञानिक नव्हे, असं म्हणत तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी मनोविश्लेषणाला विज्ञानाबाहेर काढलं. फ्रॉइडची अनेक विधानं आज टिकत नाहीत, हेही खरं. त्यामुळे ‘विज्ञानाने धर्माचा निकाल लावला’ म्हणताना साक्षीदार म्हणून फ्रॉइडना उभं करणं तर आणखीच कच्चं आहे.

पण या परंपरेतून आलेल्या काही कल्पना पुढे तपासल्या गेल्या. जॉन बोल्बी हे मनोविश्लेषकच. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्या नात्याचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास मांडला. त्या आधारावर मानसशास्त्रज्ञ ली कर्कपॅट्रिक आणि इतरांनी पाहिलं की संकटात अनेक श्रद्धाळू देवाकडे तसेच धाव घेतात जसं मूल आईकडे. बालपणी आईशी असुरक्षित नातं असलेल्यांमध्ये अचानक घडलेलं श्रद्धेतलं परिवर्तन तुलनेने जास्त आढळलं. देव तिथे हरवलेल्या माणसाची जागा भरून काढत असावा. तरी यावरूनही देव आहे किंवा नाही, हे ठरत नाही.

मानसोपचाराच्या अधिकृत जगानेही भूमिका सैल केली. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदानसूचीच्या १९९४ च्या आवृत्तीत ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी स्वतंत्र नोंद आली, आणि ती आजार म्हणून नव्हे. श्रद्धेत येणारी ओढाताण हा प्रत्येक वेळी रोग नसतो, हे तिथे मान्य झालं.

उपचार करणारा आपल्याच श्रद्धेचा असावा का?

तसा असेल तर सुरुवातीला हायसं वाटतं, पण एक धोका असतो. दोघांनाही ‘ते तर आपल्याला माहीतच आहे’ असं वाटून जे विचारायला हवं तेच राहून जातं. वेगळ्या श्रद्धेचा किंवा नास्तिक विश्लेषक निरागसपणे विचारतो, ‘तुमचा देव तुमच्याकडे कसा बघतो?’ आणि तो प्रश्न पुष्कळदा दार उघडतो.

पाहायचं ते वेगळंच. तुम्ही देवाबद्दल बोललात की तो माणूस उत्सुक होतो की अवघडतो? तुमच्या श्रद्धेची टर उडवणारा जितका अयोग्य, तितकाच तुम्हाला जास्त प्रार्थना करायला सांगणाराही. पहिल्या एक-दोन भेटींतच हे त्यांना सरळ विचारावं: माझी श्रद्धा माझ्यासाठी महत्त्वाची आहे, तुम्ही तिच्याकडे कसं पाहता? चांगला विश्लेषक या प्रश्नाने दुखावणार नाही. आणि उत्तरात तुमची श्रद्धा सोडवण्याची किंवा घट्ट करण्याची घाई दिसली, तर दुसरा उपचारक शोधायला अजिबात संकोच करू नये.